तासकरकाकांची साखर

आमच्या बडोद्याच्या फतेगंजमधल्या सोसायटीत सकाळी साडेसातला दोन गोष्टी ठरल्याप्रमाणे व्हायच्या. गच्चीवरची टाकी भरून वाहायची आणि तळमजल्यावरचे तासकरकाका ओट्यावर येऊन साखर जाहीर करायचे.

"एकशे अठरा. प्लँट नॉर्मल."

कुणी सकाळी 'राम राम' म्हणतं, शेजारच्या मंजुबेन 'जय श्रीकृष्ण' म्हणतात, काका आकडा सांगत. ऐकायला माणूसच हवा असंही नव्हतं. सोसायटीचं कुत्रं असलं तरी चाले.

काका रिफायनरीत कंट्रोल रूमला होते. पस्तीस वर्षं पॅनलसमोर बसून त्यांनी काटे आणि दिवे पाहिले. रिटायर झाले, पण पॅनल डोक्यातून उतरलं नाही. मंजुबेनची स्कूटर बंद पडली की ती 'ट्रिप झाली', आमचा नळ गळला की ते 'लीकेज रिपोर्ट करा', आणि मी गणपतीत नाटकात काम करतो म्हणून माझं नाव त्यांच्याकडे 'नटवर्य'. मी बँकेत नोकरी करतो ही गोष्ट त्यांनी कधी लक्षातच घेतली नाही.

गोड नाकारण्याची त्यांची पद्धत तर पाहण्यासारखी होती. साधं 'नको' म्हणून माणूस सुटतो. काका नाहीत. मंजुबेननी "थोडुंक तो लो, काका," म्हणत मोहनथाळ पुढे केला की काका एक पाऊल मागे सरत, दोन्ही हात वर करत आणि व्याख्यान सुरू होई.

"हे बघा, जेवलं की साखर रक्ताच्या लाइनीत येते. माल आला. पण पेशींची दारं बंद. ती उघडवणारा ऑपरेटर म्हणजे इन्सुलिन. तो ड्यूटीवर असला की माल आत जातो, उरलेला लिव्हरमध्ये. लिव्हर म्हणजे आपला टँक फार्म, साठवणीच्या टाक्या. ऑपरेटर गैरहजर, तर माल लाइनीतच फिरत बसतो आणि आत पेशी उपाशी. भरल्या घरात उपास."

"आणि माल कमी पडला तर?" मी मुद्दाम विचारी. प्रत्येक वेळी विचारी.

"त्याला ग्लुकॅगॉन आहे. टँक फार्मवरचा माणूस. तो टाकीचा वॉल्व्ह खोलून साखर परत लाइनीत सोडतो. एक घालतो, एक काढतो. दोघांचं जन्मात पटत नाही, म्हणून तर प्लँट चालतो."

इथे कमलकाकूंचा प्रवेश. "आमच्यासारखंच," त्या म्हणत, "फक्त चालतं मी आहे म्हणून."

काका पूर्व म्हणाले तर काकू पश्चिम. काका म्हणाले आज उकडतंय, की काकू शाल घेत. खंडेराव मार्केटात काका कारली निवडत आणि काकू त्यातली निम्मी परत टोपलीत टाकत. मात्र एका बाबतीत ही बाई सोसायटीत देवीच्या जागी होती. नवऱ्याला साखर बंद, म्हणून त्यांनीही लग्नानंतर वर्षभरातच गोड सोडलं होतं. मंजुबेन आपल्या सुनेला त्यांचं उदाहरण देत. सून माझ्या बायकोला सांगे, आणि माझी बायको माझ्याकडे नुसतं बघे.

आता मूळ मुद्दा. काकांच्या सदऱ्याच्या खिशात एक छोटी पत्र्याची डबी असायची. मला वाटे तपकीर असेल. एकदा ते ओट्यावर वाकले आणि डबी पडून उघडली. आत खडीसाखर.

माझ्यातला नट जागा झाला. वाहवा, म्हटलं. अख्ख्या सोसायटीला इन्सुलिनची कथा सांगणारा हा माणूस चोरून खडीसाखर खातो. तेव्हा मला आणखीही एक गोष्ट आठवली. एकदा काका सकाळी म्हणाले होते, "आज साठ. कुणी बोलू नका माझ्याशी." आणि मग तरातरा चालत जाऊन दूध घेऊन आले होते. साखर साठवर उतरलेला माणूस असा चालतो? मला खात्री पटली की सगळंच ढोंग आहे. अर्धं मी बरोबर ओळखलं होतं. उरलेलं अर्धं साफ चुकलं होतं.

दसऱ्याची सकाळ मी त्यासाठी राखून ठेवली. दसऱ्याला बडोद्यात फाफडा-जिलबी खाल्ली नाही तर रावण मेला असं कुणी मानत नाही. आमच्याकडे सगळी सोसायटी खाली अंगणात एकत्र बसते. आदल्या रात्री नवमीचा गरबा झाला होता, काकूही साठीच्या उंबरठ्यावर बायकांच्या बरोबरीने फेर धरून खेळल्या होत्या. सकाळी सगळे खुर्च्या टाकून बसले, पण दुकानापुढची रांग संपेना आणि जिलबी काही येईना. आठाचे नऊ झाले. लोक कंटाळलेले, म्हणजे प्रेक्षक तयार.

मी उठलो. घसा खाकरला. आपल्यात एक थोर साधक आहेत, मधुमेहाचे आचार्य आहेत, वगैरे प्रस्तावना केली आणि बोलता बोलता काकांच्या खिशातली डबी काढून वर धरली. झाकण उघडून सगळ्यांना दाखवली. हशा असा आला की तसा मला रंगमंचावरही कधी आला नाही. मंजुबेन तर पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"काय काकू," मी हशा वाढवायला विचारलं, "आता या तुमच्या प्लँटला काय म्हणायचं?"

काकू खुर्चीवर शांत बसल्या होत्या. म्हणाल्या, "ते म्हणतील ते बरोबर."

पुन्हा हशा. काका तोवर ओशाळं हसत होते. ते हसू एकदम गेलं. त्यांनी काकूंकडे पाहिलं, मग माझ्यासमोर हात पसरला. "डबी दे. आत्ता."

मी दिली. ते सगळ्यांकडे वळले आणि मोठ्यांदा म्हणाले, "हो, खातो मी चोरून. पकडलंत. आता ही मला घरी नेऊन रागावणार. चल कमल, काय बोलायचं ते आत बोल." काकूंच्या दंडाला धरून ते त्यांना घेऊन गेले. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

डबीचं झाकण माझ्या हातातच राहिलं होतं. ते द्यायचं आणि जमल्यास माफी मागायची म्हणून मी मागोमाग गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत काकू स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या होत्या आणि काका जमिनीवर गुडघे टेकून त्यांच्या ओठांना पेला लावत होते. "अजून एक घोट. शहाणी ना तू. अजून एक." काका म्हणतील तसं काकू ऐकत होत्या. मला पाहून काका उठले नाहीत. म्हणाले, "साखरेचं पाणी आहे. खडीसाखर चघळायला वेळ नव्हता. ती जिलबी आली तरी आणू नकोस आत्ता, तळणीतल्या तुपाने साखर उशिरा लाइनीत येते."

मी दाराशी उभा. हळूहळू काकूंचे डोळे निवळले. त्यांनी आधी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग नवऱ्याकडे. "किती साखर घातलीत," त्या म्हणाल्या. "पाणी आहे की पाक?"

काका भिंतीला टेकून बसले आणि तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला.

मग मला कळलं ते असं. लग्नाला आठ महिने झाले होते तेव्हा काकू झपाट्याने वाळल्या. डॉक्टरांनी सांगितलं की शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, रोज टोचून घ्यावं लागेल, जन्मभर. घरात काकांची आई होती. नव्या सुनेला रोज सुई लागते हे कळलं असतं तर माहेरची वाट दाखवली असती. काका दवाखान्यातून घरी आले आणि आईला म्हणाले, मला डायबिटीस झालाय.

"मुलगा आजारी म्हटल्यावर आईने चुलीवरचं गोड उतरवलं," काका म्हणाले. "सिरिंज उकळायला पातेलंसुद्धा वेगळं काढून दिलं."

रोजचा आकडा काकूंचा होता. ते साठही काकूंचेच.

"आई जाऊन वीस वर्षं झाली," मी म्हणालो. "आता सांगायला काय हरकत आहे?"

उत्तर काकूंनी दिलं. "सांगितलं तर मंजुबेन मला खुर्चीत बसवून वारा घालतील. मला गरबा खेळायचा असतो."

"गरबा खेळली की स्नायू दुसऱ्या दिवसापर्यंत साखर ओढत राहतात," काका म्हणाले. "त्यात सकाळची सुई घेतलेली आणि खाणं लांबलं. पूर्वी साखर उतरली की अ‍ॅड्रिनॅलिनचा सायरन व्हायचा. घाम यायचा, हात थरथरायचे. इतक्या वर्षांनी तो सायरन बसलाय रे. हिला स्वतःला कळत नाही. मला कळतं."

"कसं?"

"ही माझ्याशी सहमत होते."

काकूंनी पेला ठेवला. "असं काही नाही," त्या म्हणाल्या.

काकांना पस्तीस वर्षांत एक दिवसही काकूंना सोडून बाहेरगावी जाता आलं नव्हतं. पॅनलचा नियमच तसा, ते म्हणाले. रिलिव्हर येऊन चार्ज घेईपर्यंत खुर्ची सोडायची नाही. आणि रिलिव्हर कुठून आणणार? मूलबाळ नाही. मग हळूच म्हणाले, "मी आधी गेलो तर काय, एवढंच डोक्यात असतं."

दिवाळीनंतर भरूचच्या अलीकडच्या करजणला त्यांच्या जुन्या पाळीतल्या मित्राची साठीशांत होती. पाय दुखतात म्हणून काकू येणार नव्हत्या. काका सकाळी आमच्या दारात आले, कडक इस्त्री, हातात डबी. ड्यूटी सोपवल्यासारखं सगळं सांगितलं. सकाळचा आकडा, सुईची वेळ, जेवणाची वेळ, काय बघायचं. मग विचारलं, "चार्ज घेतलास?"

"घेतला."

ते गेले आणि मी डबी खिशात टाकून त्यांच्या ओट्यावर बसलो. मंजुबेननी येताजाता खिशाकडे पाहिलं आणि मलाही साखर लागली का, चोरून खाता का, असं विचारलं. मी हो म्हणालो. संध्याकाळपर्यंत सोसायटीभर झालं.

अकराच्या सुमाराला काकू चहा घेऊन बाहेर आल्या. माझ्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "गेल्या गणपतीत तुझं काम अगदीच सुमार झालं. ओरडत काय होतास?"

इतकी गोड समीक्षा मला कधी मिळाली नाही. मी आत जाऊन काकांना फोन लावला. "प्लँट नॉर्मल," म्हणालो.

"आणखी काय म्हणाली?"

"तुम्ही गाडीत झोपाल आणि करजण सोडून भलतीकडे उतराल, म्हणाल्या."

पलीकडून फलाटावरचा गोंगाट ऐकू आला.

"भरूचहूनच बोलतोय," काका म्हणाले. "डोळा लागला रे."