जाळीमागची घडी

तात्या रोज संध्याकाळी डिझेलच्या टाकीच्या झाकणाला दोरा बांधत आणि सकाळी गाठी मोजत. "तीन व्हत्या. तीनच हायती. पर सैल वाटत्यात," म्हणत माझ्याकडे बघत. पुनावळ्यातला तो पहिलाच ट्रॅक्टर आणि मी त्याचा परगावचा ड्रायव्हर. म्हणजे संशयाचा पहिला मान माझा.

रेडिएटरचं पाणीही ते बोटावर घेऊन चाखत. 'यात कायतरी हाय' हे त्यांचं पालुपद. पाहुण्यानं चहा नाकारला तरी कायतरी हाय, दोनदा मागितला तरी हाय.

त्यांच्या बायकोचं वर्षश्राद्ध झालं आणि त्याच आठवड्यात ट्रॅक्टर तापायला लागला. नांगरटीच्या पाच-सहा फेऱ्या मारल्या की इंजिनाचा जोर जाई, पाणी उकळे आणि गचका देऊन ते बंद पडे. पाणी पुरेसं होतं, पंख्याचा पट्टा ताठ होता, ऑइल ठीक.

"ऑइल इकलंस का रं?"

"नाही हो, तात्या!"

"मग तापतोय कशानं? उद्यापर्यंत शोध, न्हाईतर दुसरा ड्रायव्हर बघतो."

पुढची जाळी खोलू म्हटलं, तर ते आडवे आले. "जाळीला हात लावायचा न्हाई!" आता मलाच त्यांचा संशय यायला लागला.

दुसऱ्या दिवशी बांधावर पाच-सहा माणसं जमली होती. इंजिन चालू ठेवून मी जाळीसमोर एक वाळकं पान धरलं. पंखा हवा आत ओढत असला की पान जाळीला चिकटतं. ते सरळ खाली पडलं. तात्या नको नको म्हणत असताना मी इंजिन बंद करून जाळी काढली. मागे, रेडिएटरला लागून, हिरव्या लुगड्याची चापून केलेली घडी.

"सापडला चोर!" मी ओरडलो. सगळे हसले. नोकरी वाचल्याच्या आनंदात मी त्या लुगड्याला तेलकट हात पुसले आणि ते बांधावर भिरकावलं. ते आठवलं की आजही मान वर होत नाही.

तात्यांनी जाऊन लुगडं उचललं, ढेकळं झटकली, मांडीवर ठेवून पुन्हा घडी घातली. माझी काळी बोटं तिच्यावर उमटली होती. माणसं हळूहळू पांगली.

"तिला लई हौस व्हती," ते खाली बघत म्हणाले. "ट्रॅक्टर आला की मला बसवून शिवाराला एक येढा मारा म्हणायची. ह्यो यायच्या आदीच गेली. म्हटलं, म्होरं बसंल, समदं दिसंल तिला."

मी जाळी बसवली, इंजिन चालू केलं. ते गार, एका लयीत चालू लागलं.

तात्या जवळ आले. घडी छातीशी धरलेली.

"ड्रायव्हर, तुझ्या शीटखाली ठिवली तर चालंल का रं? तितं न्हाई ना तापायचा?"