उलट चालणारा हमाल

आपल्या हातून गोंधळ होऊच शकत नाही, अशी व्यवस्थितरावांची पक्की खात्री होती. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, प्रयोगशाळेनं ठेवलेलं. त्यांच्या टेबलावर पेन्सिली उंचीनुसार उभ्या असत आणि घरी मोज्यांच्या प्रत्येक जोडीला स्वतंत्र कप्पा असे. एवढं असूनही नोकरी मात्र कंत्राटी होती आणि कंत्राट महिनाअखेर संपत होतं. मुदत वाढवायची की नाही, हे बाहेरून येणारे एक ज्येष्ठ प्राध्यापक त्यांचं काम पाहून ठरवणार होते.

"काय दाखवणार आहात त्यांना?" बायकोनं विचारलं.

"हमाल."

"अहो, नीट सांगा!"

व्यवस्थितरावांनी नीट सांगितलं. आपल्या पेशींमध्ये कायनेसिन नावाचं एक प्रथिन असतं. काम एकच, ओझी वाहायची. पेशीत बारीक दोऱ्यांचे रस्ते असतात. त्यावरून हा गडी दोन पायांनी एकेक पाऊल टाकत, आपल्यापेक्षा कितीतरी मोठं गाठोडं घेऊन चालतो. चालतो तो कायम एकाच दिशेनं. मागे फिरणं त्याच्या रक्तात नाही.

"त्याची फिल्म काढतोय. दुसऱ्या कुणाला जमणार नाही इतकी स्वच्छ!"

त्यांनी काचेच्या पट्टीवर दोरा ताणला, त्यावर हमालांना उभं केलं आणि दिसावेत म्हणून त्यांना चमकणारा रंग लावला. हा रंग उजेडात हळूहळू उडतो, म्हणून खोलीत अंधार करून ते बाहेर बसले. पुढचं सगळं यंत्रानं केलं. नळीतून हमालांच्या इंधनाचा थेंब सोडला, फोटोंमागून फोटो काढले आणि ते जोडून फिल्म तयार केली. व्यवस्थितरावांनी ती लावली आणि हातातला चहा हातातच राहिला.

हमाल उलटा चालत होता.

त्यांनी फिल्म पुन्हा लावली. हमाल पुन्हा उलटाच चालला. शिवाय यंत्राच्या दिव्याखाली जो रंग उडायला हवा, तो क्षणाक्षणाला उजळत होता. आणि कहर म्हणजे, इंधनाचा थेंब पडून चित्र थरथरलं, तसा तो चालायचाच थांबला!

ते धावतच प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमकडे गेले.

"उलटा?" मॅडमनी विचारलं.

"उलटा. तोही उपाशीपोटी. खायला घातलं की जागचा हलत नाही."

मॅडमनी चष्मा काढून ठेवला. "मग इतकी वर्षं आपण त्याला खायला कशाला घालत होतो?"

संध्याकाळपर्यंत तिन्ही चमत्कारांचा उलगडा झाला. हमाल उलटा चालतो, कारण पुढे गेलं की ओझंच वाढतं, हा अनुभव त्याला आलेला असतो. उजळतो, कारण चालणं तब्येतीला चांगलं. आणि खाल्ल्यावर थांबतो, त्याला तर पुराव्याचीही गरज नव्हती. जेवणाच्या सुट्टीनंतर सगळी प्रयोगशाळा तेच करत असे.

बायकोनं माहेरी कळवलं. सासूबाईंचा लगेच फोन आला. "जावईबापू, पुस्तकं बदलावी लागणार म्हणे!"

"बघू या, आई," व्यवस्थितराव विनयानं म्हणाले. कोणत्या धड्यापासून बदलावी लागतील, याची यादी त्यांनी मनात केलेलीच होती.

ठरल्या दिवशी सभागृह भरलं. पाहुणे प्राध्यापक पहिल्या रांगेत बसले. मोठ्या पडद्यावर फिल्म सुरू झाली, हमाल ऐटीत उलटा निघाला आणि लोक आ वासून बघू लागले. टेबलावरच्या छोट्या पडद्यावर फिल्मच्या कडा कापल्या जात. इथे मात्र सगळी चौकट दिसत होती. खाली कोपऱ्यात वेळेचे आकडे होते. ते शून्याकडे पळत होते.

व्यवस्थितरावांना एकदम आठवलं. आठवड्यापूर्वीच त्यांनी टापटिपीच्या भरात संगणकाला हुकूम सोडला होता, 'नवीन आधी'. ताजं काम वर, जुनं खाली. संगणक आज्ञाधारक. त्यानं फोटोही तसेच लावले होते. म्हणजे हमाल सरळच चालला होता, रंग उडालाच होता आणि इंधन मिळाल्यावरच गडी निघाला होता. उलटी होती ती फिल्म!

"एक मिनिट..." ते बोलू लागले.

तेवढ्यात पाहुणे उभे राहिले. डोळ्यांत पाणी होतं.

"मीही हेच पाहिलं होतं! तरुणपणी! सगळे हसले मला. तरी मी हटलो नाही. अख्खं पुस्तक लिहिलं यावर. आज साक्षीदार मिळाला!" मग मॅडमकडे वळून, "या माणसाला इथून कोण हलवतो तेच बघतो मी!"

टाळ्या कडाडल्या. आता फक्त गप्प बसायचं होतं. नोकरी राहत होती, घर चालत होतं, सासूबाईंसमोर मान ताठ राहत होती. पण भिंतीवरचं वाकडं चित्र दिसलं तरी ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही, त्यानं गप्प बसावं कसं? व्यवस्थितरावांना स्वतःचा मनापासून राग आला आणि ते म्हणाले, "सर, कोपऱ्यातले आकडे बघा. फिल्म उलटी आहे. संगणकाला 'नवीन आधी' मीच सांगितलं होतं. चूक माझी."

टाळ्या थांबल्या. मॅडमनी डोळे मिटून घेतले. पाहुण्यांनी आकडे पाहिले. मग सावकाश मंचावर आले, माईक बंद केला आणि व्यवस्थितरावांच्या कानाशी लागून म्हणाले, "हे 'नवीन आधी' नेमकं कुठं असतं?"

संध्याकाळी बायकोनं दारातच विचारलं, "राहिली का नोकरी?"

"राहिली."

"म्हणजे शोध मान्य झाला!"

"नाही. सरांच्या जुन्या फिल्मांनी कपाटं भरलीत. त्या एकेक तपासून सुलट करायच्यात. गुपचूप."

"आणि मुदत कधीपर्यंत?"

व्यवस्थितराव बूट जोडीनं लावत म्हणाले, "त्यांनी जन्मभर उलटंच पाहिलंय गं. माझ्या निवृत्तीपर्यंत तरी काळजी नाही!"