मावशीची अंगाई, टकटक वगळून

भाचीला जुळे झाले त्या वर्षीची ही गोष्ट. एक मुलगी आणि एक मुलगा. मुलगी सात मिनिटांनी मोठी. मावशी तेव्हा पंच्याहत्तर वर्षांची होती आणि मामा एक्कावन्न. मामा हा खरे तर एकट्या भाचीचा मामा. पण ती बोलायला लागल्यापासून शेजारी, दुकानदार, पोस्टमन सगळेच त्याला मामा म्हणू लागले, आणि जिने त्याला लहानाचा मोठा केला ती मावशीसुद्धा.

मामाचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या हिरड्यांचे माप घेऊन पाठवत, मामा त्यावरून कवळी घडवी. हे काम घराच्या पुढच्या खोलीत चाले. मागच्या खोलीत त्याचा दुसरा संसार होता: एक कॉम्प्युटर, दोन स्पीकर, एक माइक, आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतीला ठोकलेल्या दोन जुन्या रजया. तिथे तो लोकांची गाणी रेकॉर्ड करून त्यांचे मिक्सिंग करी. त्यासाठी लागतात ती प्लगइन. प्लगइन म्हणजे कॉम्प्युटरच्या आत बसवायचे यंत्र. बाहेरून त्याची फक्त बटणे दिसतात. एक आवाजाला धार लावते, दुसरे ती धार बोथट करते, तिसरे लहान खोलीत गाणाऱ्याला मोठ्या दालनात उभे करते. मामाकडे अशी तीनशे अकरा होती. वापरात चार.

बाळंतपणानंतर मावशी महिनाभर भाचीकडे राहिली. भाचीचे सासर रेल्वेने चार तासांवर. मावशीने मांडीवर घेऊन अंगाई म्हटली की दोन्ही मुले दोन मिनिटांत गप्प होत. पुढे मावशीच्या गुडघ्यांनी संप पुकारला म्हणून ती घरी परतली, आणि येताना मुलांची झोपही पिशवीत घालून घेऊन आली असावी.

"आजी, तू गेलीस आणि इथे भोंगे सुरू झाले," भाची फोनवर म्हणाली. "एक थांबला की दुसरी सुरू. ती थांबली की सासूबाई."

पहिला आठवडा मावशी फोनवरून गायली. दिवसातून पाच वेळा. मुले झोपत, पण कधीकधी मावशीच आधी झोपे आणि भाचीला फोनवर घोरणे ऐकू येई. आठव्या दिवशी मावशीचा गळा बसला. इकडे भाचीची रजा महिनाअखेर संपत होती. एक तारखेला ती कामावर हजर झाली नाही तर तिची जागा दुसऱ्या कोणाला मिळणार होती. मुले सांभाळायला एक बाई मिळाली होती, पण तिने साफ सांगितले होते, "झोपणारी मुलं असतील तर येते. नाही झोपली तर तुम्हीच सांभाळा."

"मामा, आजीचा गळा सुटला की गाणं रेकॉर्ड करून पाठव," भाची म्हणाली. "मोबाइलवर केलंस तरी चालेल."

"मोबाइलवर? उद्या म्हणशील कवळी पुठ्ठ्याची चालेल."

गळा सुटल्यावर मामाने मावशीला रजयांमध्ये बसवून सहा मिनिटांची अंगाई रेकॉर्ड केली. मग हेडफोन लावून ऐकली, आणि त्याचा चेहरा उतरला. प्रत्येक ओळीत दोन-तीनदा मावशीच्या तोंडात टक असा आवाज होत होता. वरची कवळी सैल होती. ती टक मामाला माहीत नव्हती असे नाही. सात वर्षे तो ती रोज जेवताना ऐकत होता. पण घरातली माणसे भीड धरतात, माइक धरत नाही.

ती कवळी मामानेच बनवलेली होती. माप घेतले होते भाचीच्या सासऱ्यांनी, म्हणजे डॉक्टरांनी. खरे तर त्या कवळीच्या निमित्ताने दोन घरांचे येणेजाणे वाढले आणि त्यातूनच भाचीचे लग्न जमले. डॉक्टर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी नवी मापे घेऊन स्वतः येत आणि जेवून जात. मावशी समोरच बसलेली असे. तिने घास तोंडात घातला की मामा घाईने उठून पंखा पाचावर करी. डॉक्टरांना जेवताना चमचा पेल्यावर वाजवायची सवय होती, त्याचाही मामाला आधार वाटे.

आता हे रेकॉर्डिंग डॉक्टरांच्या घरात दिवसातून पाच वेळा वाजणार होते. प्रत्येक टक त्यांना सांगणार होती, की तुम्ही ज्याला दर महिन्याला विश्वासाने कामे देता, त्याच्या हाताला हे असे वळण आहे.

"मग कवळीच दुरुस्त करा की," मामाची बायको म्हणाली. "पुढच्या खोलीत कारखाना आहे आपला."

"दुरुस्त केली म्हणजे ती चुकली होती असं होईल."

"चुकलीच आहे."

"ती घरातल्या घरात चुकली आहे. चारचौघांत नाही."

मावशीही कवळीला हात लावू देईना. "सात वर्षांनी कुठे ती माझं ऐकायला लागली आहे. आता नवी आणून पुन्हा पहिल्यापासून संसार मांडू का?"

"बरं, मग कवळी काढून गा."

"दात नसताना मी आरशासमोर तोंड उघडत नाही, तुझ्या माइकसमोर उघडू?"

मामाने कवळी चिकटवायची पावडर आणली. बायकोचा हात सढळ. कवळी अशी बसली की मावशीला अंगाई दात मिटूनच म्हणावी लागली, आणि ती ऐकून शेजारीण विचारायला आली की मावशींना बरं नाही का.

तेव्हा मामा प्लगइनकडे वळला. टकटक काढून टाकणारी प्लगइन असतात. पहिले फुकटचे होते. त्याने टक काढली आणि तिच्याबरोबर मावशीचा निम्मा आवाजही काढला. ती उशीत तोंड खुपसून गात असल्यासारखी वाटू लागली. दुसरे चौदा दिवस वापरून पाहण्यासाठी मिळाले. ते उत्तम होते, पण दर मिनिटाला त्यातला एक पुरुष खणखणीत आवाजात बजावी की हे विकत घेतलेले नाही.

"हा मध्येच कोण बोलतो?" मावशीने विचारले.

"प्लगइनचा माणूस."

"त्याला म्हणावं, मुलं झोपल्यावर बोल."

तिसरे प्लगइन मात्र मनासारखे निघाले. टक गेली. पण टक गेल्यावर आवाज उघडा पडला, म्हणून मामाने त्याला जाडी आणणारे दुसरे लावले. जाडीमुळे घोगरेपणा आला, म्हणून तिसरे. तिसऱ्याने आवाज कोरडा केला, म्हणून दालनाचा भास देणारे चौथे. त्यात दालनांची यादी होती: सभागृह, जिना, गुहा, पाण्याची टाकी. मामाने चार दिवस एकेक ऐकून टाकी निवडली.

बायको हातातले काम सोडून ऐकायला आली. "छान आहे," ती म्हणाली. "मावशी विहिरीत पडल्यात आणि कोणी येईपर्यंत वेळ घालवतायत."

मामाने सभागृह निवडून पहिली प्रत पाठवली. मुले रडली. दुसरीत त्याने वरचे सूर कमी केले. मुले रडली. पाचव्या प्रतीला मुलगी रडायची थांबली, तिने स्पीकरकडे पाहिले आणि मग ती पहिल्यापेक्षा मोठ्याने रडली.

"मामा, अरे, आजीच वाटत नाही ती," भाची म्हणाली. "कोणी तरी पाहुणी बाई गातेय."

"तुमचा स्पीकर कसला आहे?"

"स्पीकर बरा आहे. तू साधं पाठव ना, जसं होतं तसं."

"जसं होतं तसं पाठवायला मिक्सिंग कशाला लागतं?"

"तेच म्हणतेय मी!"

असे करता करता महिनाअखेरचा शुक्रवार उजाडला. शनिवारी डॉक्टर येणार, सोमवारी एक तारीख. सांभाळणाऱ्या बाईने शुक्रवारी दुपारी येऊन शेवटचे पाहून जाते म्हटले होते. मामा सकाळपासून अकराव्या प्रतीवर बसला. टकटक काढणाऱ्या प्लगइनला एक बटण होते: 'काढलेले ऐका'. ते दाबले की गाणे बाजूला राहते आणि प्लगइनने जे काढून टाकले तेवढेच वाजते. टकेबरोबर मावशीचा एखादा शब्द तर जात नाही ना, हे तपासायला मामाने ते बटण दाबले. तेवढ्यात पुढच्या खोलीत एक गृहस्थ रुमालात कवळीचे दोन तुकडे घेऊन आला. त्याला त्याच संध्याकाळी मुलीकडची माणसे भेटायला येणार होती. त्याची कवळी जोडण्यात दीड तास गेला. मामा धावत मागच्या खोलीत आला, फाइल तयार केली आणि न ऐकताच पाठवून दिली. बटण तसेच दाबलेले होते.

अर्ध्या तासाने फोन आला.

"मामा! झोपली! दोन्ही झोपली! बाई बघत होती, म्हणाली सोमवारपासून येते."

मामा खुर्चीत मागे रेलला. "सांगितलं होतं ना? जरा धीर धरायला हवा. या वेळी मी खालचे सूर केसभर उचलले, आणि सभागृह थोडं लहान..."

"पण मामा, सूर कुठे आहेत त्यात?"

"म्हणजे?"

"नुसतं टक... टक... टक आहे. गाणं नाहीच. मला वाटलं तू मुद्दाम केलंस. आजीच्या मांडीवर तीच तर ऐकायची मुलं, कान अगदी तिच्या हनुवटीखाली." तिने आवाज खाली आणला. "बाबांनी दोनदा ऐकलं. डोळे मिटून."

"डॉक्टरांनी? काय म्हणाले?"

"काही नाही. उद्या जातोच आहे, म्हणाले."

मामाने फोन ठेवून फाइल लावली. सहा मिनिटे. दोनशे बारा वेळा टक. मागे ना खरखर, ना श्वास, ना सूर; एकेक टक मोत्यासारखी सुटी. इतके स्वच्छ मिक्सिंग त्याच्या हातून आयुष्यात झाले नव्हते.

शनिवारी डॉक्टर आले. मापांची पिशवी त्यांनी नेहमीसारखी टेबलावर न ठेवता मांडीवरच ठेवली. ताटे वाढली. मामाने पंख्याकडे पाहिले, पण तो उठला नाही. आता झाकायचे काय राहिले होते? डॉक्टरांचा चमचाही आज गप्प होता. मावशीने पहिला घास घेतला. टक.

"मामा, मला तुमच्याशी बोलायचंय," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, आधी मी बोलतो. ती कवळी..."

"तेच. सात वर्षं झाली, मला बोलायचा धीर होत नव्हता. त्या दिवशी मी घाईत होतो. गाडी पकडायची होती. माप नीट सुकू दिलं नाही मी."

मामाचा घास हातातच राहिला. "माप?"

"चुकीचं माप पाठवलं तुम्हाला. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. मी जेवायला यायचो तेव्हा उलट पंखा लावायचात, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मी आपला चमचा वाजवत बसायचो. आणि काल तुम्ही ते नुसतं टक-टक पाठवलंत, तेव्हा समजलो. म्हटलं, बस झालं, आता माणसाला स्पष्ट विचारायची वेळ आली."

"अहो, नाही, नाही! माप बरोबर होतं. घडवताना माझ्याकडूनच कड कमी झाली असणार. मी तर तुमच्यापासून लपवायला तीन आठवडे..."

"माझीच चूक."

"छे, माझीच."

"मामा, तुम्ही मोठ्या मनाचे आहात."

"डॉक्टर, मन मोठं तुमचं."

"भाजी निवतेय," बायको म्हणाली.

मावशी इतका वेळ शांतपणे जेवत होती. तिने पाण्याचा घोट घेतला. "कवळी चांगली बसत होती," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी."

दोघांनी तिच्याकडे पाहिले.

"डाव्या बाजूला जराशी टोचत होती. संध्याकाळी मी नखांच्या कानशीने घासली. जरा जास्तच घासली गेली."

"कानशीने?" डॉक्टर म्हणाले.

"अगं, मग सात वर्षं बोलली का नाहीस?" मामा ओरडला.

"काय बोलू? मी घास घेतला की तू पंखा लावायचास आणि हे चमचा वाजवायचे. मला वाटलं, दोघांनाही कळलंय, आणि म्हातारीची लाज राखतायत बिचारे. मी मनातल्या मनात दोघांचे आभार मानत होते." तिने पुढचा घास घेतला. टक. "आता लावा पंखा. उकडतंय."

जेवणानंतर डॉक्टरांनी तिथेच मावशीचे नवे माप घेतले आणि ते सुकेपर्यंत घड्याळ समोर ठेवून बसून राहिले. त्यांची गाडी चुकली. मामाने पुढच्या आठवड्यात नवी कवळी बनवली. तिचा कसलाच आवाज येत नसे. मावशी ती बाहेर जाताना आणि पाहुणे आले की लावी, एरवी जुनीच. भाची सोमवारी वेळेवर कामावर गेली. मुले तीन वर्षांची होईपर्यंत त्या दोनशे बारा टकांवर झोपली. मामाने तीनशे दहा प्लगइन काढून टाकली. अंगाईच्या आधीच्या दहा प्रती कोणी पुन्हा लावल्या नाहीत.

पुढे एकदा भाचीनेच फोन करून मूळचे रेकॉर्डिंग मागितले, काहीही न करता, जसे होते तसे. मामाने ते लगेच पाठवले. या वेळी त्याला मिक्सिंग सुचले नाही. तो मावशी गेल्याचा तिसरा दिवस होता. मावशी गेली ती जुळे सात वर्षांचे झाले त्या वर्षी, एकोणीस नोव्हेंबरला, मंगळवारी, सकाळी सव्वाआठ वाजता. नवी कवळी तोंडात होती, जुनी उशाशी.