सेक्रेटरींचं बासष्टावं निधन

सोमवारी सकाळी सव्वाआठ वाजता दूध संस्थेचे सेक्रेटरी आश्रुबा पुलाजवळ मारले गेले. त्या वेळी त्यांच्या हातात पेन होतं.

"गेले का सेक्रेटरी?" चेअरमन भगवानरावांनी मोबाइलवरून मान न उचलता विचारलं.

"गेलो," आश्रुबा म्हणाले आणि त्यांनी चष्मा सारखा करून रजिस्टर पुढे ओढलं. "तुमी चालू द्या. मी माझा शोकप्रस्ताव लिहून घेतो."

वडवणीपासून अकरा किलोमीटरवरच्या या गावात त्या उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या होत्या आणि अर्धी जनावरं छावणीवर. एके काळी सहाशे लिटर गोळा करणारी संस्था सत्तर लिटरवर आली होती. पावणेआठला दूध घेऊन व्हायचं आणि गाडी यायची दहाला. मधल्या वेळाचं करायचं काय, हा प्रश्न फॅट मोजणाऱ्या बन्सीने सोडवला. त्याने बीडहून नवा फोन आणला होता, त्यात एक गेम होता. विमानातून बेटावर उडी टाकायची, सापडेल ती बंदूक उचलायची आणि शंभर जणांत शेवटपर्यंत जिवंत राहायचं. चौघांची टोळी करता येत होती. आठवड्याच्या आत चेअरमन, सेक्रेटरी, बन्सी आणि महिला प्रतिनिधी भामाबाई अशी टोळी तयार झाली. चौघांच्या वयाची बेरीज दोनशे चाळीसच्या वर जात होती.

पहिले चार दिवस टोळी जमिनीला लागलीच नाही.

"शाळेवर उतरू," भगवानराव म्हणायचे. "शाळेत हत्यारं लई."

"शाळेवर समदेच उतरतेत, चेअरमन. पुलावर चला," बन्सी म्हणायचा.

"विमान दर्यावर आलं," भामाबाई म्हणायच्या. "आता मासे धरायला उतरायचं का?"

मग आश्रुबांनी सत्तावीस वर्षांच्या अनुभवातून मार्ग काढला. उडी कुठे टाकायची याचा ठराव मांडायचा. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर, मग उडी. ठराव अर्थातच ते लिहून घेत. लिहायला फोन टेबलावर ठेवावा लागे, आणि बेटावर उभा राहिलेला त्यांचा माणूस कोणाच्याही गोळीला आयता सापडे. म्हणून रोज पहिले तेच मरत. जो मरेल त्याच्यासाठी शोकप्रस्ताव आला, आणि शोकप्रस्ताव आला म्हणजे दोन मिनिटं स्तब्धता आली. सुरुवातीला उरलेले तिघं फोन खाली ठेवून उभे राहायचे. दोन मिनिटांनी फोन उचलावा तर तिघंही गेलेले असायचे.

"मेलेल्यासाठी जित्यांनी कावून मरायचं?" भामाबाईंनी हरकत घेतली. त्यावर दुरुस्ती मंजूर झाली, की स्तब्धता झुडपात बसून पाळावी.

सुट्टीसाठी बीडहून आलेली आश्रुबांची मुलगी जाई त्या सोमवारी चहाची किटली घेऊन आली, तेव्हा ते शेवटची ओळ लिहीत होते. जाई एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती. तिच्या हातून रोज शंभर पुस्तकं जात. वडिलांना तेवढ्यावरून तिच्या मताचं फार मोल होतं.

"ऐक कसं झालंय," ते म्हणाले. "'संस्थेचे सचिव, मनमिळाऊ व कर्तव्यतत्पर असे आश्रुबा यांचे आज पुलाजवळ पाठीमागून गोळी लागून दुःखद निधन झाले. ही सभा त्यांना श्रद्धांजली वाहत आहे.'"

"स्वतःलाच मनमिळाऊ लिहिलंय, आबा."

"दुसरं कोण लिहिणार? बन्सीला लिहायला दिलं तर निसतं 'मेले' लिहितो."

"पण हे संस्थेचं रजिस्टर आहे. गेमसाठी साधी वही घ्या ना."

आश्रुबांनी पेनाचं टोपण लावलं. "चार माणसं बसली की सभा झाली. सभा झाली की नोंद आली. तिच्यासाठी वायलं रजिस्टर ठेवायचं म्हणजे लबाडी झाली."

जाई हसली. तिने कपात चहा ओतला, आणि भामाबाईंनी झुडपातून दोघांना टिपल्याबद्दल त्यांना साखर जास्त घातली.

मंगळवारी पहाटे अंगणातल्या बाजेवर निजलेल्या वडिलांना जाईने चहासाठी हाक मारली. दुसऱ्या हाकेनंतर तिने कप खाली ठेवला.

माणसं आली, सगळं रीतसर झालं. जाईने सगळ्यांना पाणी दिलं, सतरंज्या घातल्या, झटकून घड्या केल्या. बुधवारी कॉलेजातून फोन आला तेव्हा ती म्हणाली, "घरी जरा अडचण आहे." पलीकडच्या तांड्यावरच्या कडूबाईला काही कळलेलं नव्हतं. ती दारात येऊन म्हणाली, "सेक्रेटरी हायेत का?"

"नाहीत," जाई म्हणाली.

"कवा येतेन?"

"सांगता येत नाही."

कडूबाई अर्धा तास ओट्यावर वाट बघत बसली. शेवटी भामाबाईंनी तिला बाजूला नेऊन सांगितलं, आणि मग तिलाच पाणी द्यावं लागलं.

इकडे दुधाची गाडी मंगळवारीच रिकामी परत गेली होती. ड्रायव्हर सटवा हा माणूस वाईट नव्हता, पण पावतीवर सेक्रेटरीची सही असल्याशिवाय तो कॅनला हात लावेना.

"सेक्रेटरी वारले, सटवा," भगवानराव म्हणाले.

"लई वाईट झालं. मग नव्याची सही घ्या."

"नवा आजच्या आज कुठून आणू?"

"तुमी ठराव करा, बीडच्या हापिसातून मंजुरी आणा. पण शनिवारपर्यंत बघा, चेअरमन. पाच दिवस दूध न्हाई आलं की ही वाट बंद करतेत. मग मी आलो तरी गाडी येत न्हाई."

वाट बंद म्हणजे संस्था बंद. एकतीस घरांनी चारा विकत घेऊन, टँकरचं पाणी पाजून त्याच संस्थेच्या भरवशावर जनावरं राखली होती. तोवर दुधाचं करायचं काय, म्हणून एकतीस चुलींवर खवा आटू लागला. दुखवट्याला येणारं माणूस रिकाम्या हाताने येईना, खवा घेऊन येई. प्यायला पाणी नसलेल्या गावात गुरुवारपर्यंत खवा नको असं म्हणणारी माणसं दिसू लागली.

बुधवारीच तिघांनी सभा घेतली होती. रजिस्टर उघडलं, पेन ठेवलं आणि तिघं एकमेकांकडे बघत बसले. भगवानरावांनी सत्तावीस वर्षांत रजिस्टरवर फक्त सह्या केल्या होत्या.

"लिही, बन्सी."

"काय लिहू?"

"सेक्रेटरी लिहायचे तसं लिही. वळणदार."

बन्सीने बराच वेळ पेन चावलं. मग त्याने एक पान मागे उलटलं, सोमवारचा मजकूर बघितला आणि एकही अक्षर इकडचं तिकडं न करता उतरवून काढला. तारीख तेवढी बदलली. भगवानरावांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली. त्या दिवशी त्यांना वाचायचं असतं तरी दिसलं नसतं. ठरावाची नक्कल घेऊन बन्सी एसटीने बीडला गेला आणि हापिसात देऊन आला.

शनिवारी सकाळी नऊला जीप आली. तिच्यातून बीडच्या हापिसातले साहेब उतरले ते घाबरलेलेच.

"गोळी कोणी घातली?" त्यांनी विचारलं.

"कुणाला?" भगवानराव म्हणाले.

"सेक्रेटरींना. पुलाजवळ, पाठीमागून. पोलिसांत कळवलं का? आणि पूल कुठं आहे गावात?"

"पूल न्हाई, साहेब. नदीतच काई न्हाई, पूल कशाला लागतो?"

साहेबांनी मूळ रजिस्टर मागितलं. पंख्याखाली बसून ते मार्चपासून वाचू लागले. दहाव्या पानावर त्यांनी चष्मा पुसला.

"चेअरमन, तुम्ही एकोणीस मार्चला वारलात."

"व्हय."

"वीस तारखेलाही."

"व्हय. त्या दिवशी छपरावरून पडलो."

"आणि एकवीसच्या सभेला अध्यक्ष तुम्हीच."

"दुसरं कोन असणार, साहेब? चेअरमन मीच हाय."

"हे बन्सी अडतीस वेळा. भामाबाई फक्त तीनदा?"

"मी झुडपात बसते," भामाबाई म्हणाल्या.

मग बन्सीने फोन काढून सगळं दाखवलं. विमान, बेट, पूल. साहेबांनी पुलाकडे बराच वेळ बघितलं. तिथे उभे असलेले सेक्रेटरी गोळी घालणाऱ्याला नेमके कुठून दिसले असतील, हेही त्यांनी एकदा विचारून घेतलं. मग त्यांनी रजिस्टर मिटलं.

"हे बघा, मला काम अडवायचं नाही. पण आश्रुबा या रजिस्टरात एकसष्ट वेळा गेलेत, आणि एकसष्टही वेळा गेल्यावर शोकप्रस्ताव त्यांनी स्वतःच लिहिलाय. सही आहे त्यांची. आता हे बासष्टावं मी खरं कसं धरू?"

बन्सी फसकन हसला. मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं आणि तो खाली बघू लागला.

"दाखला आणा मृत्यूचा."

"ग्रामसेवक तीन गावच्या टँकरमागं हाय. सोमवारबिगर गावत न्हाई," भगवानराव म्हणाले. "अन् गाडी तर आज दहाला येती."

साहेबांनी घड्याळ बघितलं. साडेनऊ झाले होते. "मग घरच्या माणसाचा जबाब घेतो. जवळच्या माणसानं माझ्यासमोर स्वतःच्या तोंडानं सांगायचं. तेवढ्यावर नवा माणूस येईपर्यंत बन्सीच्या सहीला तात्पुरती मंजुरी देतो."

भामाबाई जाईला घेऊन आल्या. वाटभर त्यांनी तिचा हात धरून ठेवला होता. खोलीत एक खुर्ची रिकामी होती, पण जाई उभीच राहिली.

साहेबांनी बन्सीने उतरवलेलं पान तिच्यापुढे केलं. जाईने ते वाचलं. 'मनमिळाऊ व कर्तव्यतत्पर'पाशी तिचे ओठ हलले. 'पाठीमागून गोळी लागून'पाशी ती हसली, आधी थोडं, मग टेबलाला धरून. भामाबाईंनी तोंडाला पदर लावला. भगवानराव हसता हसता ठसकले, बन्सी रडतोय की हसतोय हे कळेना, आणि साहेबांनीही खिडकीकडे तोंड केलं. बाहेर कॅन घेऊन बसलेली माणसं आत डोकावू लागली.

हळूहळू हसू ओसरलं. साहेबांनी कोरा कागद घेतला.

"बोला, ताई. वडील कुठे आहेत?"

"नाहीत," जाई म्हणाली.

साहेबांनी पेन टेकवलं, पण लिहिलं नाही. "तसं लिहून भागत नाही, ताई. रजेवर गेलेला माणूसही नसतोच. काय झालं ते सांगावं लागतं."

लांबून गाडीचा हॉर्न ऐकू आला. सटवा आज लवकर निघाला असावा. भगवानरावांनी काही बोलायला तोंड उघडलं, तर भामाबाईंनी मान हलवून त्यांना थांबवलं.

जाईने मुठीत धरलेलं पदराचं टोक सोडलं आणि साहेबांकडे सरळ बघितलं.

"आबा गेले," ती म्हणाली. "मंगळवारी पहाटे. मी दोनदा हाक मारली. माझे वडील वारले, साहेब. तुम्ही नवीन माणूस नेमा."