संपतनं मोकळं केलेलं इंजिन

"इंजिनात निम्मं सामान उगाच असतंय," संपत म्हणाला. "आज सगळं मोकळं करून टाकतो. उद्या बॉनेट उघडलंस तर म्हणशील, ही आपलीच गाडी का?"

आरतीनं तव्यावरची भाकरी उलटली. नवरा असं काही म्हणाला की वाद घालायला अंगात जोर लागतो, आणि रविवारी सकाळी तेवढा जोर तिच्याकडं नसायचा. सोमवार ते शनिवार ती निरगुडसरहून गाडी काढायची, मंचर, घोडेगाव, डिंभे करत डोंगरात चढायची, तळेघरच्या दवाखान्यात आणि आसपासच्या वाड्यांवर नर्स म्हणून दिवसभर फिरायची आणि दिवेलागणीला परत यायची. वर एसटी कमी आणि पायपीट जास्त. ती जुनी पांढरी पेट्रोल गाडी म्हणजे तिचे दोन पाय होते.

संपत पारगावच्या साखर कारखान्यात कामाला होता. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की त्याचं काम कमी व्हायचं, आणि काम कमी झालं की त्याला घरात पसारा दिसायला लागायचा. मागच्या उन्हाळ्यात त्यानं मिक्सर सुटसुटीत केला. तेव्हापासून आरती पाट्यावर वाटण वाटत होती. त्याच्या आधी डुगडुगणाऱ्या पलंगाचा एक पाय जरासा कापला, मग जुळवून घ्यायला दुसरा, मग तिसरा. आता त्या पलंगावरून उठायचं तर जमिनीवरून उठल्यासारखे हात टेकावे लागायचे. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, पत्ते नाहीत. फक्त त्याच्या हातात पाना येऊ नये, एवढंच.

दुपारी त्यानं तिला अंगणात नेलं. बॉनेट उघडं होतं. जिथं आधी काळ्या रबरी नळ्यांचा गुंता असायचा, तिथं सणाच्या आदल्या दिवशी घासून पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखं लख्ख इंजिन बसलं होतं. शेजारच्या घमेल्यात नळ्यांची चळत, एक काळा डबा आणि दोन-तीन लोखंडी बोंडकी पडली होती.

"ह्या नळ्या कशाच्या व्हत्या?" आरतीनं विचारलं.

"नुसती हवा असती त्यात. मी फुंकून बघितल्या."

"आन हा डबा?"

"पेट्रोलची वाफ अडवतो म्हणं. वाफ कशाला अडवायची? भाताचं पातेलं हाय का ते?"

"नळ्या निघाल्या तिथं भोकं राहिली असतील की."

"बुचं मारलीत. बोल्टाला रबर गुंडाळून ठोकलेत. हलायचे नाय."

गाडी चालू झाली, हे मात्र खरं. संपत वेशीपर्यंत चक्कर मारून आला. "ब्रेक जरा टणक लागतोय," तो म्हणाला, "नव्या चपलेसारखा. बसंल पायाला."

हे ऐकून तरी आपण अडवायला हवं होतं, असं आरतीला पुढं फार वाटलं. पण दोरीवर धुणं वाळत होतं, पावटे निवडायचे होते, आणि 'सगळं परत लावा' म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत त्याच्या तोंडून इंजिनाचं कीर्तन ऐकावं लागलं असतं. ती धुणं काढायला गेली.

सोमवारी तळेघरच्या पुढच्या एका वाडीवर लसीकरण होतं. लशी घोडेगावाहून बर्फाच्या डब्यातून न्यायच्या होत्या. आया पोरांना कडेवर घेऊन डोंगर उतरून येणार होत्या. गाडीतला फरक दाखवायचा म्हणून संपत स्वतःच स्टिअरिंगवर बसला.

मंचरच्या अलीकडं बॉनेटखाली फट् असं काहीतरी वाजलं आणि इंजिन एकदम किंचाळायला लागलं. संपतनं पाय काढला तरी ते किंचाळतच राहिलं.

"बूच गेलं वाटतं एखादं," तो म्हणाला.

"थांबवा गाडी."

"थांबवतोय की. ब्रेकवर उभाच हाय मी."

चौकात गर्दी होती. गाडीची बोंब ऐकून हवालदारानं मान वळवली, त्याला पुढच्या सीटवर पांढऱ्या कोटातली नर्स दिसली, आणि त्यानं शिट्टी फुंकून दोन्हीकडचे टेंपो अडवले. गाडी मधून सुसाट निघाली. हवालदारानं वर हात हलवून निरोपसुद्धा दिला.

"बघितलंस?" संपत म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता, पण आवाजात अभिमान होता.

घोडेगावला चढावर गाडी कशीबशी थांबली. आरतीनं लशींचा डबा घेतला आणि सांगितलं, "गाडी हितंच ठेवा. मी एसटीनं जाते." पण वर जाणारी एसटी नुकतीच गेली होती. पुढची दुपारी. तोवर बर्फाचं पाणी होणार आणि बायका वाट बघून परत डोंगर चढणार. आरतीनं डबा मांडीवर घेतला. पुढं सगळा चढच आहे, चढाला ब्रेक कशाला लागतो, असं तिनं मनाला समजावलं. दमलेल्या माणसाला आपलंच म्हणणं लवकर पटतं.

डिंभ्याच्या पुढं एका फाट्यावर एक म्हातारी रस्त्यात आडवी उभी राहिली. चढ होता म्हणूनच गाडी थांबली. म्हातारीच्या मागं दगडावर तिचा मुलगा बसला होता, पाय दुधीभोपळ्यासारखा सुजलेला.

"माझा गेणू," म्हातारी म्हणाली. "हिरड्याच्या झाडावरनं पडला. मी साळुबाई. लांबनंच आवाज आला, म्हणलं आली बाई ॲम्ब्युलन्स."

"ही ॲम्ब्युलन्स नाय, मावशी," आरती म्हणाली.

"असू दे. आवाज तर तसाच हाय."

पाय बघितल्यावर आरतीला त्याला तिथं सोडवेना. मायलेकरं मागं बसली. त्यांच्याजवळ थांबलेला सोमाजी नावाचा गाववाला मोटरसायकलला किक मारत म्हणाला, "मी पुढं जाऊन दवाखान्यात वर्दी देतो."

गाडीत पेट्रोलचा वास कोंडला होता. साळुबाईनं नाकाला पदर लावला. "शिष्टर, तुमच्या औषधाचा वास लई उग्र हाय."

"औषधाचा नाय, मावशी. ह्यांच्या हौसेचा हाय."

चढ संपून उतार लागला. आरतीनं संपतकडं पाहिलं. त्याचे दोन्ही पाय ब्रेकवर होते, पाठ सीटला टेकली होती, दात ओठावर होते, आणि गाडी आपली चालली होती.

"अहो."

"दाबतोय."

सोमाजीनं वर्दी दिली होती ती एवढीच, की पाय मोडलेला माणूस नर्सबाईंच्या गाडीतून येतोय. पण वर्दी त्याच्या तोंडातून चहाच्या टपरीवर गेली, तिथून दवाखान्याच्या पायरीवर, आणि तोवर गेणू अर्धा मेला होता. रस्त्यावर वीस-पंचवीस माणसं जमली होती. डॉक्टर पुढं उभे होते, दोघांनी स्ट्रेचर धरलं होतं. गाडी दिसताच सगळे रस्त्याच्या कडेला सरकले आणि त्यांनी हात केले.

त्यांच्या हातांसमोरून गाडी तशीच निघून गेली.

"शिष्टर," गेणू मागून हळूच म्हणाला, "दवाखाना मागं राहिला."

गर्दीत कुणीतरी म्हणालं, "लईच शिरियस दिसतोय. डायरेक भीमाशंकरच्या पायाशी न्यायलेत."

आरतीनं एका हातानं डबा छातीशी धरला आणि दुसऱ्या हातानं हँडब्रेक ओढला. "आता इंजिन बंद करा. चावी निम्मीच फिरवा, काढू नका." संपतनं चावी निम्मी फिरवली. किंचाळणं थांबलं. इतकी शांतता झाली की साळुबाईचं 'देवा, देवा' स्पष्ट ऐकू आलं. रस्त्याच्या कडेला कुणीतरी भाताच्या रोपाची जमीन भाजायला, राबासाठी, पालापाचोळ्याचा ढीग रचला होता. माणसाहून उंच. "तिकडं घाला," आरती म्हणाली. संपतनं स्टिअरिंग वळवलं आणि गाडी काचेपर्यंत पाल्यात शिरली. गादीवर पडावं तशी.

कुणाला ओरखडासुद्धा नाही. लशींचा डबा उभाच्या उभा.

मागून स्ट्रेचर धावत आलं. गेणू दार उघडून एका पायावर उतरला आणि बांधाला टेकला. माणसांनी आत डोकावलं. त्यांना स्टिअरिंगला धरून बसलेला, खडूसारखा पांढरा पडलेला संपत दिसला. त्यांनी त्यालाच उचललं.

"मी नाय, मी नाय," संपत म्हणाला. "तो पेशंट हाय."

"बोलू नका, पावणं, जोर येतो," लोक म्हणाले आणि त्याला घेऊन दवाखान्याकडं पळाले. गेणू आईच्या खांद्यावर हात टाकून मागून लंगडत गेला.

सोमाजीनं आरतीला मोटरसायकलवरून वाडीवर पोचवलं. शाळेच्या ओट्यावर आया बसून होत्या. बर्फ अजून कडक होता. पहिली लस भरून आरतीनं सुई परत खाली ठेवली. ती थांबली, पाणी प्यायली. समोरचं पोर ओठ काढून तिच्याकडं बघत होतं. तेव्हा कुठं तिला राग आला. दिवसभरात पहिल्यांदाच. मग तिनं सुई उचलली आणि सगळी पोरं रडून घरी गेली.

परत येऊन बघते तर संपत दवाखान्याच्या बाकावर साखरपाणी घेऊन बसला होता. शेजारी गेणू, पायाला प्लास्टर. "दाजी, असं व्हतं कधी कधी," गेणू त्याची समजूत काढत होता.

आरती समोर उभी राहिली. "मागं माणसं बसली व्हती," ती म्हणाली.

"व्हय."

"काय झालं असतं तर?"

संपतनं मान खाली घातली. साखरपाण्याचा पेला तेवढा त्यानं तिच्यापुढं धरला. आरतीनं तो घेतला आणि ती त्याच्या शेजारी बसली.

गाडी टेंपोमागं बांधून मंचरला इस्माईलभाईंच्या गॅरेजात नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि विचारलं, "संपतराव, ब्रेकची नळी पण काढली?"

"तीत पण हवाच व्हती."

"त्या हवेवरच ब्रेक लागतो, राव. आणा जुन्या नळ्या, बसवून देतो."

संपत आरतीकडं न बघता म्हणाला, "तुकडे केले. कढीपत्त्याला ठिबक केलंय."

नव्या नळ्या पुण्याहून यायच्या होत्या. तोवर एसटी. संपत आपण होऊन रोज बरोबर यायला लागला. फाट्यावर उतरून वाडीपर्यंत डबा खांद्यावर घेऊन चालायचा, पोरांना धरायचा, संध्याकाळी घरी आला की जेवून झोपायचा. घरातल्या एकाही वस्तूला आठवडाभर हात लागला नाही. आणि आरतीला एसटीत झोप लागायची. इतक्या वर्षांत त्या रस्त्यावर तिनं डोळे मिटले नव्हते. आता मंचर सोडलं की डोकं संपतच्या खांद्यावर जायचं आणि कंडक्टर हाक मारेपर्यंत तिथंच राहायचं.

एका सकाळी ती स्टँडवर उभी असताना इस्माईलभाईंचा फोन आला. "वहिनी, गाडी तयार हाय."

संपत थोडा लांब चहा घेत होता. आरती पाठमोरी झाली. "भाऊ, आणखी आठवडाभर राहू द्या तिथंच," ती हळू आवाजात म्हणाली. "आन त्यांनी विचारलं तर सांगा, नळी अजून यायचीय."

पलीकडं पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

"वहिनी, संपतरावांनी काल हेच सांगितलं. तयार झाली तरी हिला कळवू नका म्हणले, एसटीत तेवढीच झोप मिळती तिला. मला वाटलं, माणूस काहीतरी लपवतोय, म्हणून तुम्हाला केला फोन." इस्माईलभाईंनी उसासा टाकला. "तुमी दोघं एकदा घरी बसून ठरवा. माझ्या दारात गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा नाय राहिली."

"बरं," आरती म्हणाली आणि फोन पर्समध्ये टाकला. एसटी लागली होती. संपत आधीच चढून खिडकीच्या सीटवर रुमाल टाकून उभा होता. ती बसली, आणि गाडी स्टँडबाहेर पडायच्या आतच झोपली.