केळकरकाकांची रायफल

बंदुकांच्या दुकानात सामान तोलायचा काटा घेऊन जाणारा माणूस साऱ्या ओहायोत एकच, आमचे केळकरकाका. भारतात जाताना बॅगा तेवीस किलोंत बसवायला आपण जो हुकाचा काटा वापरतो, तोच. काका त्याला रायफल अडकवतात, चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचतात आणि वहीत लिहितात. काउंटरवरचा दाढीवाला आता स्वतःहून काटा धरून देतो.

काका ओहायोतल्याच डब्लिन गावात आमच्या शेजारी एकटेच राहतात. जन्मात अंडंही खाल्लेलं नाही, पण गेली दोन वर्षं रानडुकरासाठी लिव्हरची, म्हणजे खालचा दांडा ओढून गोळी भरायची, रायफल निवडताहेत. फ्रीवेवर गाडी चालवणं त्यांनी सोडलंय, त्यामुळे त्यांना दुकानात न्यायचं काम माझं.

"थर्टी-थर्टी गोळीची रायफल हलकी आहे रे, पण डुकराच्या खांद्याची कातडी जाड. फोर्टीफाइव्ह-सेव्हंटीची मोठी गोळी बसली की डुक्कर जागेवर, पण तिच्या धक्क्यानं माझाही खांदा जागेवर राहायचा नाही!"

मग गोळ्या. बॅरलखालच्या नळीत त्या एकीमागे एक बसतात, म्हणून टोकदार नको, चपट्या नाकाचीच हवी. मागच्या गोळीचं टोक पुढच्या गोळीच्या बुडावर आपटलं तर नळीतच स्फोट. हे मी झोपेतही म्हणून दाखवीन. शेवटी ठरलेलं वाक्य, "निखिलला विचारू."

निखिल त्यांचा मुलगा, टेक्सासात असतो. तिथं डुकरं मित्रांच्या शेतांची नासाडी करतात, म्हणून शिकारीला जातो.

परवा रविवारी मी काकांकडे चहाला होतो, तेव्हा त्याचा फोन आला. काकांनी स्पीकर लावला.

"बाबा, जस्ट गेट द थर्टी-थर्टी. फ्लॅट नोज. डन!"

मी टाळीच वाजवली. "सुटलो! उद्याच घेऊन टाकू."

काकांनी फोन ठेवला आणि समोरची वही मिटली. मला रागच आला. "आता काय राहिलं?"

"तुझी काकू होती तेव्हा तीच बोलायची त्याच्याशी. ती गेल्यावर त्याचा फोन यायचा. जेवलात? जेवलो. संपलं. मला मुलाशी बोलताच यायचं नाही रे. हे बंदुकीचं काढलं, आणि तो तास तास बोलायला लागला. घेऊन टाकली, की पुढच्या रविवारी काय विचारू?"

दोन वर्षं मी या माणसाची टिंगल करत होतो. माझीच मला लाज वाटली.

"काका," मी कसंबसं म्हटलं, "पण रायफलवर दुर्बीण कुठली बसवायची, ते कुठं ठरलंय?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते वही उघडून पेन शोधायला लागले.