मूळ प्रत बाहेर नेऊ नये

पट्टीचा डावा हात सोमवारी सकाळी अकरा वाजता कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जमा झाला. त्याची रीतसर नोंदही झाली.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काही घडलेलंच नाही असं समजून आपण आदल्या मंगळवारपासून सुरुवात करू. तेव्हा पट्टीचे दोन्ही हात त्याचे स्वतःचे होते.

पट्टी हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. इमारतींचे नकाशे मंजूर करणाऱ्या कार्यालयात तो आरेखक होता आणि त्याच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी कायम असायची. कायम म्हणजे कायम! घरात नवा सोफा आला तेव्हा सगळे त्यावर बसून बघत होते, हा त्याच्याखाली आडवा होऊन पाय मोजत होता. एक पाय दोन मिलिमीटरने आखूड निघाला. तेव्हापासून त्या सोफ्यावर घरातल्या कुणालाच निवांत बसता आलेलं नाही.

तर मंगळवारी संध्याकाळी तो तरण तलावाच्या काठावर बसला होता. तिथे पोहायला शिकवणाऱ्या मुलीशी त्याचं दोन वर्षांपासून जमलेलं होतं. ती पाण्यातून बाहेर आली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "मला दुसऱ्या शहरातल्या तलावावर बोलावलंय. सोमवारी उत्तर द्यायचंय."

"किती लांब?" पट्टीने विचारलं.

"बघ! पहिला प्रश्न काय? किती लांब!"

"अगं, सहज विचारलं."

"तू सहज काही विचारत नाहीस. दोन वर्षं झाली. लग्नाचा विषय काढला की तू म्हणतोस, अजून जरा अंदाज घेऊ. कसला अंदाज? मी काय भिंत आहे?"

भिंतीबद्दल पट्टीला बरंच बोलता आलं असतं, पण वेळ बरी नव्हती.

"एक गोष्ट कर," ती म्हणाली. "आयुष्यात एकच. न मोजता, न तपासता. रविवारपर्यंत. नाहीतर मी एकटी चालले." आणि तिने पाण्यात सूर मारला.

जाता जाता तिच्या घोट्यावरची छोटी गोगलगाय पट्टीला दिसली. तो टॅटू तिने एका दुपारी, बस चुकली म्हणून, वेळ घालवायला काढून घेतला होता. त्याचा अर्थ कुणी विचारला तर ती सांगायची, "घाई असलेल्यांनी पुढे व्हावं."

पट्टीचं ठरलं. घरी जाऊन त्याने चपला काढायच्या आधी जाहीर केलं, "मी टॅटू काढून घेणार! न मोजता! टॅटू म्हणजे शेवटी काय, चार रेघा. आणि रेघांच्या बाबतीत माझा हात धरणारा या शहरात कुणी नाही!"

मग न मोजता करायच्या कामात काही राहून जाऊ नये, म्हणून त्याने पाच दिवसांचं वेळापत्रक आखलं.

बुधवारी तो टॅटूवाल्याच्या दुकानात गेला. टॅटूवाला पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. एकदा त्याने एका गिऱ्हाइकाच्या मजकुरात आपणहून सुधारणा केली होती. गिऱ्हाइकाने पाटी आणि शिडी दोन्ही खाली पाडल्या, आणि शिडीवर तेव्हा तो होता. त्यानंतर त्याने एक नियम केला: कागदावर जे असेल ते, जसं असेल तसं. मजकूर आपला नाही, ब्रश आपला.

भिंतीवर चित्रं होती आणि प्रत्येकाखाली अर्थ लिहिलेला होता.

"जहाजाचा नांगर घ्या," टॅटूवाला म्हणाला. "नांगर म्हणजे स्थैर्य."

"म्हणजे मी दोन वर्षं जागचा हललो नाही, हे हातावर लिहून घेऊ?"

"मग वाघ. वाघ म्हणजे हिंमत."

पट्टीने समोरच्या आरशात पाहिलं. वाघालाच अवघडल्यासारखं झालं असतं.

"हे होकायंत्र?"

"ते दिशा सापडलेल्या माणसासाठी."

"आणि न सापडलेल्या माणसासाठी काय आहे?"

"तो उद्या येतो म्हणून सांगतो आणि येत नाही."

कोपऱ्यात एक पाकोळी होती. लांब पंख, दुभंगलेली शेपटी. "ही खलाशी लोकांची," टॅटूवाला म्हणाला. "कितीही लांब उडाली तरी घरट्याकडे परत येते. म्हणजे, मी कुठेही असलो तरी तुझ्याकडे येईन."

पट्टीने एका मिनिटात पाकोळी नक्की केली. एका मिनिटात! मग खिशातून पट्टी काढून तिचा डावा पंख मोजला.

त्याच्या कार्यालयात एक रीत होती. चौकट नसलेल्या कागदाकडे तिथे कुणी बघायचं नाही. कागदाला चारी बाजूंनी दुहेरी रेघ हवी आणि खाली उजव्या कोपऱ्यात तक्ता हवा: आराखड्याचं नाव, प्रमाण, आरेखक, मान्यता. असा कागद असला की त्यावर पूल असो की संडास, लोक अदबीने हातात घेत. पट्टीला चार लोकांचं मत हवं होतं, म्हणून त्याने गुरुवारी चौकटीच्या कागदावर पाकोळी काढली. आराखड्याचे नाव: पाकोळी. प्रमाण: एकास एक. सवयीने पंखांची मापं टाकली, बाण दाखवले आणि तळाशी लिहिलं, 'सर्व मापे मिलिमीटरमध्ये.'

शेजारच्या टेबलावर ड्रेनेजवाला बसायचा. शहरातली निम्मी गटारं त्याने काढलेली होती आणि उरलेल्या निम्म्यांबद्दल त्याच्या तक्रारी होत्या. त्याने कागद उजेडात धरला.

"उत्तर दिशा कुठाय?"

"अरे, पक्षी आहे तो!"

"पक्षी असला म्हणून काय झालं? उत्तर लागतेच." आणि त्याने लाल पेनाने कोपऱ्यात बाण काढून लिहिलं, 'उत्तर दिशा. शेपटीकडे उतार पुरेसा वाटत नाही.'

संध्याकाळी घरी बाबांनी चष्मा लावला. बाबा शिंपी. बराच वेळ कागद बघून ते म्हणाले, "दोन्हीकडे अर्धा इंच सोड."

"कशाला?"

"माणूस पुढे सुटतो. मापाला मारलंस तर चाळिशीत पक्ष्याचं बदक होईल." आणि त्यांनीही ते पेन्सिलीने पंखाशेजारी लिहून दिलं.

आईने अर्थ विचारला. पट्टीने सांगितला.

"परत येणं?" आई म्हणाली. "मग आधी निघालायस कुठे?"

"कुठे नाही गं. नुसता अर्थ आहे."

"नुसता कसा असेल? ती पोरगी लांब जातेय ना? तुला जायचंय का तिच्याबरोबर?"

हा प्रश्न पट्टीने मोजमापाच्या बाहेरच ठेवला होता. आईने उत्तराची वाट पाहिली नाही. तिने पेन घेतलं आणि पाकोळीच्या पोटाखाली लिहिलं, 'पोचल्यावर फोन करावा.'

शुक्रवारी खरा घोळ झाला. पट्टी पाणी प्यायला उठला आणि शिपाई टेबलावरचे चौकटीचे कागद गोळा करून साहेबांकडे घेऊन गेला. चौदा नाल्यांच्या आराखड्यांमध्ये पाकोळी पंधरावी. साहेब चौकटीत काय आहे ते बघत नसत, चौकट आहे की नाही ते बघत. पाकोळीवर सही झाली. वर शेरा: 'दुरुस्तीसह मान्य.' तिथून ती गेली रेकॉर्डवाल्या मॅडमकडे.

रेकॉर्डवाल्या मॅडम सव्वीस वर्षं अभिलेख कक्ष सांभाळत होत्या आणि सव्वीस वर्षांत त्यांच्याकडून एक कागद गहाळ झालेला नव्हता. त्यांनी क्रमांक घातला, चार हजार चारशे सतरा. गोल शिक्का मारला. नोंदवहीत ओळ ओढली. पट्टी धावत पोचेपर्यंत पाकोळी सरकारी झाली होती!

"मॅडम, हा माझा खासगी कागद आहे."

"सही कुणाची?"

"साहेबांची."

"मग खासगी कसा?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "नक्कल काढायची असेल तर न्या. सोमवारी अकराच्या आत मूळ प्रत परत. इथे सही करा."

पट्टीने सही केली.

शनिवारी सकाळी त्याने कोरा कागद घेतला. शेरे, मापं, शिक्का वगळून नुसती पाकोळी उतरवून न्यायची, इतकंच काम होतं. पेन्सिलीला टोक केलं, पट्टी ठेवली. आणि त्याला तलावाचा काठ आठवला. न मोजता, न तपासता! त्याने पेन्सिल खाली ठेवली, चार हजार चारशे सतरा पिशवीत घातला आणि निघाला. आयुष्यातला पहिला बेधडक निर्णय! जिन्याच्या पायऱ्यासुद्धा मोजल्या नाहीत. बावीस होत्या.

टॅटूवाल्याने कागद बघितला. मग पट्टीकडे बघितलं.

"हे सगळं?"

"सगळं!" पट्टीने डोळे घट्ट मिटले. "मला दाखवू नका. काही विचारू नका. मी तपासायचं नाही असं ठरवलंय."

"एकदा हातावर उमटवायची छाप तरी बघून घ्या."

"म्हटलं ना, तपासायचं नाही!"

मजकूर आपला नाही, ब्रश आपला. टॅटूवाल्याने कागद लहान करून मनगटापासून कोपरापर्यंत नीट बसवला आणि यंत्र सुरू केलं. सुई टेकली, पट्टी बेशुद्ध पडला. तोंडावर पाणी मारल्यावर त्याने एक डोळा उघडला, "चालू द्या" म्हणाला आणि सरळ झोपी गेला. काय न मोजता करावं या विचारात तो चार रात्री झोपलेला नव्हता.

पाच तासांनी तो उठला. हातावर पाकोळी होती. फार सुंदर! तिच्याभोवती दुहेरी चौकट होती. पंखांवर मापं होती, बाण होते. उत्तर दिशा होती. 'शेपटीकडे उतार पुरेसा वाटत नाही' हे लाल शाईत, ड्रेनेजवाल्याच्या तिरक्या अक्षरात. बाबांचा अर्धा इंच, आईचा फोन, साहेबांची सही, गोल शिक्का आणि क्रमांक. पाट्या रंगवलेला हात होता तो! एक काना इकडचा तिकडे झालेला नव्हता.

"कागद कुठाय?" पट्टीने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"तुमच्या तोंडावर पाणी मारलं ना, त्यात भिजला. लगदा झाला. टाकला." टॅटूवाला मान तिरकी करून हाताकडे बघत होता. "आता काय गरज आहे म्हणा त्याची?"

रविवारी पट्टी लांब बाह्यांचा शर्ट घालून तलावावर गेला. काठावर उघडे हातपाय सोडून दुसरं काही नव्हतं. त्याच्याकडे सगळे बघायला लागले.

"काय केलंस?" तिने विचारलं.

"केलं काहीतरी. बिघडलं."

"बघू."

"नको."

तिने त्याचं मनगट धरलं आणि बाही वर सरकवली. मग मुकाट्याने वाचायला लागली. कोपरापाशी पोचेपर्यंत तिचा चेहरा हलला नाही. पट्टीने तेवढ्या वेळात मनातल्या मनात तिला स्टेशनवर सोडून, हात हलवून, घरी येऊन जेवणसुद्धा उरकलं.

"हे 'पोचल्यावर फोन करावा' कुणी लिहिलं?"

"आईने."

"आणि 'दुरुस्तीसह मान्य'?"

"साहेबांनी."

"हे सगळं हातावर येतंय, तू बघितलं नाहीस?"

"नाही."

"छापसुद्धा तपासली नाहीस? तू?"

"झोपलो होतो. पाच तास."

आणि ती हसायला लागली. खाली बसून, पोट धरून हसली. पाण्यातली पोरं पोहायची थांबली. हसता हसता तिने डोळे पुसले आणि पट्टीचा हात काही सोडला नाही.

"पाकोळी कशासाठी?"

"कुठेही असलो तरी तुझ्याकडे परत..." पट्टी अडखळला. मग म्हणाला, "परत नको. मी येतोच तुझ्याबरोबर. किती लांब आहे ते विचारत नाही."

"तीनशे बारा किलोमीटर."

"मी विचारलं नव्हतं," पट्टी म्हणाला. पण त्याला फार बरं वाटलं.

सोमवारी पावणेअकराला त्याने साहेबांसमोर बदलीचा अर्ज ठेवला. अर्जाला चौकट होती. सही झाली. अकराला तो रेकॉर्डवाल्या मॅडमकडे गेला.

"चार हजार चारशे सतरा?" मॅडमनी हात पुढे केला.

पट्टीनेही हात पुढे केला. डावा.

मॅडमनी चष्मा पुसला. नोंदवही उघडली. क्रमांक ताडला, शिक्का ताडला, साहेबांची सही भिंगातून पाहिली. "कागद?"

"नष्ट झाला. आता हाच आहे."

दुसरा कुणी असता तर ओरडला असता. मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी सव्वीस वर्षांचा विचार केला आणि लिहिलं, 'मूळ प्रत प्राप्त. स्थिती: उत्तम, किंचित सुजलेली.' मग खिडकीजवळ, उन्हापासून आणि वाळवीपासून लांब, एक खुर्ची ठेवली.

"बसा."

"मॅडम, माझी बदली झालीय!"

"तुमची झाली. ह्याची नाही." त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'मूळ प्रत सात दिवसांपेक्षा अधिक काळ बाहेर नेऊ नये.' "तुम्ही जाऊ शकता."

पट्टीने बराच विचार केला. मग उजव्या हाताने अर्ज लिहायला घेतला. तो अजून टेबलावरच आहे. सोयीसाठी खाली देत आहोत.

प्रति,
मा. अभिलेखपाल,
अभिलेख कक्ष.

विषय: डावा हात कायमस्वरूपी बाहेरगावी नेण्याबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, आराखडा क्रमांक ४४१७ (मूळ प्रत) अर्जदारास कोपरापाशी जोडलेला असून तो विलग करणे अर्जदारास सोयीचे नाही. उर्वरित अर्जदाराची बदली मंजूर झालेली आहे. पुढील महिन्याच्या अठरा तारखेस अर्जदाराचा नोंदणी विवाह आहे. सहीसाठी उजवा हात पुरेसा असला तरी नवरा पूर्ण यावा असा वधूचा आग्रह आहे. तरी सदर हात अर्जदारासोबत तीनशे बारा किलोमीटर नेण्याची व तेथे आजन्म वापरण्याची परवानगी मिळावी. हात कोरडा ठेवला जाईल, घडी घातली जाणार नाही आणि वापर संपल्यावर सुस्थितीत परत केला जाईल. पोचल्यावर फोन करण्यात येईल.

आपला विश्वासू,
आरेखक (उर्वरित)

सोबत: डावा हात, एक नग.